न जोडलेला कॉम्प्युटर

बाबा वीज कंपनीच्या भरारी पथकात होते. वीजचोर पकडणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि ते काम ऑफिसात ठेवून घरी यायची त्यांना सवय नव्हती. तारेवर टाकलेले आकडे, मीटरला केसाएवढं छिद्र पाडून आत सरकवलेली काडी, तोडून पुन्हा बेमालूम चिकटवलेलं सील, असलं पाहून पाहून त्यांची नजर अशी झाली होती की सरळ दिसणारी गोष्ट त्यांना जास्तच वाकडी वाटायची. मंडईतून आलेली भाजी आमच्याकडे पुन्हा एकदा ताणकाट्याला लटकायची. गॅसचा सिलिंडर आणणारा माणूस आमचा मजला आला की आपणहून थांबायचा, कारण वजन केल्याशिवाय बाबा सही करत नसत. कुणी पाहुणे "सहज आलो होतो" म्हणाले, तर ते गेल्यावर बाबा आईला विचारायचे, "सहज म्हणजे कशासाठी?" आई वरकरणी त्यांना हसायची. पण त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर तीही काही कमी राहिली नव्हती. तांदूळ निवडताना ती जसा एकेक दाणा बोटाने बाजूला करायची, तशीच ती माणसांची वाक्यंही निवडायची.

आम्ही वारज्यात राहायचो, हमरस्त्याच्या अगदी कडेला, तिसऱ्या मजल्यावर. रस्त्याचा गोंगाट आमच्या घरात इतका मुरलेला होता की कधी वाहतूक थांबली तर कानाला दडे बसल्यासारखं वाटायचं. सकाळी हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या खाली थांबायच्या, त्यांच्या ब्रेकचा फुस्स आवाज आणि आईच्या कुकरची शिट्टी यांची जुगलबंदी चालायची. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं-पोरी धावतपळत बस पकडायची. मी गॅलरीत दात घासत त्यांच्याकडे बघायचे. आपणही एक दिवस असंच गळ्यात काहीतरी अडकवून धावायचं, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं.

त्या वर्षी दिवाळीला बाबांनी आम्हा दोघा भावंडांना मिळून एकच मोठी वस्तू घ्यायचं कबूल केलं आणि घरात युद्ध पेटलं. मी अकरावीत होते, ओंकार नववीत. त्याला कन्सोल हवा होता. मला कॉम्प्युटर हवा होता, तोही नुसता टायपिंगचा नाही, तर खेळ चालतील असा. खेळ मलाही आवडायचेच, पण ती जगं आतून कशी केलेली असतात हे बघायची खाज मला जास्त होती. ओंकारचं म्हणणं सोपं होतं. "कन्सोल आणला, टीव्हीला लावला, खेळ सुरू. कॉम्प्युटर आणला की आधी कॉम्प्युटरच सांभाळत बसा." मी म्हणायचे, "आणि तुझ्या एकेका खेळाची सीडी केवढ्याला पडते? कॉम्प्युटर पुढे वाढवता येतो. शिवाय अभ्यासही होतो." त्यावर ओंकार बाबांकडे वळून म्हणाला, "'अभ्यास' हा शब्द तिने मुद्दाम घातलाय, बाबा. लक्षात ठेवा." पोरगं बापाच्या वळणावर गेलं होतं.

बाबा आम्हाला घेऊन दुकानात गेले. त्यांनी कन्सोल हातात घेतला, उलटा केला, चारही बाजूंनी फिरवला आणि दुकानदाराला विचारलं, "याचे स्क्रू कुठे आहेत?"

"स्टिकरच्या खाली. पण उघडायचा नाही हं. उघडलात की गॅरंटी संपली."

"म्हणजे आत काय आहे ते आम्ही बघायचंच नाही?"

"बघायचंय कशाला? पोरांना खेळायचंय ना?"

बाबांनी तो डबा काउंटरवर ठेवला, अगदी हळू, पुरावा ठेवतात तसा. परत येताना रिक्षात ते एकच वाक्य बोलले. "जो आपला माल उघडून दाखवत नाही, त्याच्याकडून घ्यायचं नाही." ओंकारने बाहेर तोंड फिरवलं. मी जिंकले होते, पण अर्धीच. बाजारातल्या तयार कॉम्प्युटरची किंमत ऐकून आईने "मग सोन्याचाच घेऊ की" असं म्हटलं होतं. सुटे भाग आणून जोडला तर तो पुष्कळ स्वस्तात पडतो, हे मला माहीत होतं. जोडणार कोण, हे माहीत नव्हतं.

वैभवदादा आमच्या घरात आला तो एका गळक्या पाइपमुळे. चौथ्या मजल्यावर, आमच्या बरोबर डोक्यावर, तीन नोकरदार मुलं भाड्याने राहायची. त्यांच्या न्हाणीघरातलं पाणी आमच्या छताला उतरायला लागलं, म्हणून बाबा वर चौकशीला गेले. तिथे एक सावळा, किरकोळ मुलगा जमिनीवर बसून कुणाचा तरी कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करत होता. पाइपचं राहिलं बाजूला. बाबा त्याच्या शेजारी उकिडवे बसून आतली हिरवी पाटी, तिच्यावरचे तांब्याचे रस्ते, पंखे बघत राहिले आणि खाली येऊन म्हणाले, "वरचा मुलगा सगळं उघडून दाखवतो."

वैभव करमाळ्याकडचा. हिंजवडीत एका कंपनीत इंजिनियर. दुसऱ्या दिवशी तो आमच्या हॉलमध्ये बसला आणि त्याने दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या. ओंकारला तो म्हणाला, "तुझं चूक नाही. नुसतं खेळायचंच असेल तर कन्सोल बरा, डोक्याला ताप नाही." आणि मग बाबांकडे वळून, "पण काका, यात तुम्हाला एकेक वस्तू पारखून घेता येईल. घाई मात्र करायची नाही. एकदम सगळं घेतलं की फसतो आपण. भाव उतरेल तसं एकेक आणू." बाबांना फसवणुकीची भीती घातली की माणूस त्यांच्या जवळचा व्हायचा. त्यांनी मान डोलावली. मात्र त्याला ते "तुम्ही" म्हणत होते. माझ्या भावाएवढ्या मुलांनाही बाबा नीट ओळख पटेपर्यंत अहो-जाहो करत, आणि तो आदर आहे असं समजणारे लोक पुढे फसत.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात कॉम्प्युटर तुकड्यातुकड्याने आला. आधी प्रोसेसर, नखाएवढ्या चौकोनासाठी केवढा तो खोका. मग मदरबोर्ड. मग मेमरीच्या पट्ट्या. प्रत्येक खोका बाबा उघडायचे, वरचा नंबर पावतीवरच्या नंबराशी ताडून बघायचे आणि मग तो आईच्या लोखंडी कपाटात, पैठणीच्या खालच्या कप्प्यात जायचा. वैभवदादा चारच्या सुमाराला येई. हॉलमध्ये जुनी चादर अंथरून तो वस्तू मांडायचा, मला नि ओंकारला समजावून सांगायचा, आणि मग पुन्हा नीट बांधून ठेवायचा. वस्तूंना हात लावायच्या आधी अंगातली वीज उतरवायला लोखंडाला हात लावायचा असा त्याचा नियम होता. एकदा आई पिठाच्या हातानेच "बघू तरी" म्हणत वाकली, तर तो ओरडला, "काकू, आधी कपाटाला हात लावा!" आईने मुकाट्याने कपाटाला हात लावला. वीज पकडणाऱ्या माणसाच्या बायकोच्या अंगात वीज निघाली, म्हणून ओंकार दोन दिवस हसत होता.

आई त्याला खायला द्यायची. भाजणीचं थालीपीठ, वर लोण्याचा गोळा, कधी मेतकूट-भात, कधी सकाळची उरलेली पोळी कुस्करून केलेला फोडणीचा कुस्करा. तो काहीही खायचा आणि मान वर न करता खायचा. पहिल्यांदा आईला बरं वाटलं. मग एक दिवस ताटली उचलताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हा मुलगा दुपारचं जेवत नाही वाटतं ऑफिसात." ती सहज बोलली. पण आमच्या घरात सहज म्हणजे काय, ते वर सांगितलंच आहे.

संशय घरात कसा येतो हे मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. दमट भिंतीवर बुरशी येते तसा तो एका कोपऱ्यात दिसतो, मग दुसऱ्या. बाबांनी एका संध्याकाळी चहा ढवळत विचारलं, "हिंजवडीहून सुटलेला माणूस चार वाजता वारज्यात कसा पोचतो? मी जीप घेऊन गेलो तरी मला दिवस लागतो." मी म्हटलं, "त्याची पाळी लवकरची असेल." बाबा म्हणाले, "असेल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्यांच्या पॅन्टला काल कुसळं होती. एसी ऑफिसात कुसळं उगवत नाहीत."

आईचा संशय वेगळाच होता आणि तो माझ्यावर होता. मला तो कळला तेव्हा मी तांब्या हातात घेऊन नुसती उभी राहिले. वैभवदादा आला की आई स्वयंपाकघर सोडून हॉलमध्ये येऊन बसायला लागली होती. पुढ्यात परात, परातीत तूरडाळ, आणि ती डाळ निवडून संपतच नव्हती. एकदा तो गेल्यावर तिने मला आत बोलावलं.

"तो कशासाठी येतो गं?"

"कॉम्प्युटरसाठी."

"कॉम्प्युटर कुणाला हवाय?"

"आम्हाला."

"ओंकारला कन्सोल हवा होता. तुला हवाय कॉम्प्युटर. दिवाळी गेली, संक्रांत गेली, अजून त्याला एक डबा जोडता येत नाही? एवढा इंजिनियर आहे ना?"

मी रागाने लाल झाले. तिला काय म्हणायचंय ते तिने म्हटलं नाही, आणि न म्हटलेल्याला उत्तर देता येत नाही. त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर ओढणी सावरताना स्वतःलाच बघायला लागले. तो हसला की का हसला, मला स्क्रू-ड्रायव्हर देताना त्याचं बोट लागलं ते चुकून की मुद्दाम, मी हे सगळं मोजायला लागले. आईने माझ्या डोक्यात तो खडा टाकला नसता तर मला असलं काही सुचलंही नसतं. आज मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची नोकरी करते. दिवसभर दुसऱ्याचं काम घेऊन "हे कुठे मोडेल?" असं विचारत बसते, आणि त्याचा मला चांगला पगार मिळतो. माझं प्रशिक्षण कुठे झालं हे मात्र मी कुठल्याही अर्जात लिहिलेलं नाही.

त्या दिवसांत एकच भाग यायचा राहिला होता, पॉवर सप्लाय. सगळ्या यंत्राला वीज पुरवणारा डबा. त्याच्याशिवाय बाकीचं सगळं म्हणजे कपाटातलं भंगार. "अजून आला नाही," वैभवदादा म्हणायचा. "आपल्याला हवाय तो दुकानात संपलाय. पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यातही तेच. शेवटी एका दुपारी मी आधीच्या भागांच्या पावतीवरचा फोन नंबर बघून सदाशिव पेठेतल्या त्या दुकानात फोन लावला आणि नाव सांगून विचारलं, तो पॉवर सप्लाय आला का?

"आला म्हणजे?" पलीकडचा माणूस म्हणाला. "गेला कुठे होता? महिनाभर इथेच बसलाय. तुम्हीच येत नाही आहात."

मी फोन ठेवला. तो खोटं बोलत होता. बाबांचा संशय खरा होता, आणि मग कदाचित आईचाही. मला आठवतंय, मी आरशासमोर जाऊन उभी राहिले आणि स्वतःकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी लपवून ठेवलंय.

तो आला. चादर अंथरली. "काका नाहीत? पॉवर सप्लाय अजून..." एवढं म्हणाला, आणि मी आईच्या देखत म्हटलं, "दुकानात आहे तो. महिनाभर आहे. मी फोन केला होता."

आईचं बोट डाळीत थांबलं. वैभवदादा चादरीच्या सुरकुत्या सरळ करत राहिला. त्या आधीच सरळ होत्या. मग तो उठला. "मग उद्या आणतो," म्हणाला, आणि समोर ठेवलेला चहा तसाच टाकून निघून गेला. दार लागल्यावर आई फक्त एवढंच म्हणाली, "बघितलंस?" मी काय बघितलं होतं ते मला कळत नव्हतं.

बाबांना रात्री जेवताना सगळं सांगितलं. त्यांनी ताक संपवलं, हात धुतले आणि म्हणाले, "उद्या मी जरा उशिरा जाईन ऑफिसला." भरारी पथकातल्या माणसाच्या तोंडी याचा अर्थ काय, ते आम्हाला माहीत होतं. कुणाच्या तरी घरावर धाड पडणार होती.

सकाळी वैभवदादा नेहमीसारखा खाली उतरला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. मी गॅलरीतून बघत होते. बाबा पानाच्या टपरीमागे उभे होते, डोक्याला मफलर. बस आली. रांग पुढे सरकली. वैभवदादाने फोन कानाला लावला, रांगेतून बाजूला झाला, आणि बस सुटली तरी तो बोलतच राहिला. मग फोन खिशात टाकून तो चालायला लागला, हिंजवडीच्या उलट्या दिशेने. बाबा त्याच्यामागून. पुढचं मला दिसलं नाही.

बाबा परत आले ते ऑफिसला न जाताच. बूट न काढता खुर्चीत बसले. आई पोळपाट तसाच टाकून बाहेर आली.

"कुठे जातो?"

"टेकडीवर."

"कुणाला भेटतो?"

"कुणालाच नाही. झाडाखाली बसतो. बॅगेतून पुस्तक काढतो, वाचतो, ठेवतो, पुन्हा काढतो. मी बघत होतो. एक कुत्रं येतं, त्याच्याशी बोलतो." बाबांनी मफलर काढून मांडीवर ठेवला. "त्याला नोकरी नाही."

आईने पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "म्हणजे आपलं थालीपीठ हेच त्याचं दुपारचं जेवण होतं." आणि आत गेली. पोळी लाटण्याचा आवाज आला नाही.

मला वाटलं, बाबा आता त्याच्याशी संबंध तोडतील. खोटं बोलणारा माणूस आमच्या घरी दुसऱ्यांदा उंबरा ओलांडत नसे. पण बाबांनी रविवारपर्यंत वाट बघितली, आणि रविवारी सकाळी स्वतः वर जाऊन त्याला घेऊन आले. त्याच्या हातात पॉवर सप्लायचा खोका होता. त्याने तो टीपॉयवर ठेवला आणि उभा राहिला.

"बसा," बाबा म्हणाले. "मी परवा टेकडीवर होतो."

तो बसला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लपवणारा माणूस पकडला गेला की घाबरतो असं मला वाटायचं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र ओझं उतरवल्याचा भाव होता.

"केव्हापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. कंपनीत मंदी आली. आमच्या गटातले निम्मे काढले."

"वरच्या मुलांना माहीत आहे?"

"नाही. त्यांना वाटतं मी दुसऱ्या बसने जातो."

"घरी?"

त्याने मान हलवली. "घरी लग्नाचं बघतायत, काका. मुलगा हिंजवडीत आहे, या एका गोष्टीवर सगळं चाललंय. आप्पांना कसं सांगू?"

"आणि हा कॉम्प्युटर? एवढा का लांबवलात?"

वैभवदादाने माझ्याकडे आणि ओंकारकडे पाहिलं. "जोडून झाला की माझं इथे काय काम?" तो म्हणाला. "इथे आलो की मला कुणी ऑफिसात काय झालं असं विचारत नव्हतं. वस्तू समोर असायच्या. ही मुलं विचारायची, हे कशाला, ते कशाला. तेवढा वेळ मी इंजिनियर असायचो."

पण बाबा ते बाबा. त्यांना फाइल पूर्ण बंद करायची होती. त्यांनी घसा खाकरला. "आणि मुलीचं काय?"

"कुठल्या मुलीचं?" वैभवदादाने विचारलं.

तो खरंच विचारत होता. त्याला खरंच कळलं नव्हतं. आईने डोक्यावरून हात फिरवला, ओंकार फिस्सकन हसला. आणि मी? सुटले, असं वाटलं, हे खरं. पण आता चाळिशीचा चष्मा लागल्यावर कबूल करायला हरकत नाही, थोडी चिडलेही. इतके दिवस ओढणी सावरली होती.

"फोन लावा घरी," बाबा म्हणाले. "आत्ता. इथून. आवाज मोठा ठेवा."

"काका, नको."

"वैभव, फोन लाव." बाबांच्या तोंडून "तू" पहिल्यांदा गेलं. ते त्यालाही जाणवलं असावं, कारण त्याने फोन काढला.

त्याचे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला होते. हंगाम चालू असल्यामुळे रविवारीही कामावर. मागे ट्रॅक्टरचे भोंगे ऐकू येत होते.

"बोल रं. जेवलास का?"

"आप्पा, माझी नोकरी गेली."

भोंगा वाजत राहिला. मग आप्पा लांब कुणावर तरी खेकसले, "बंद कर ते!" आणि शांत झालं.

"कवा?"

"दिवाळीच्या आधी."

"दिवाळीला तर तू घरी आल्तास."

"हो."

"पाव्हण्यांच्या घरी जाऊन पोरगी बघून आलास."

"हो, आप्पा."

मोठा श्वास ऐकू आला. "आता कुठनं बोलतोयस? खोलीवरनं न्हाईस तू. मागं कुकर वाजतोय."

वैभवदादाने बाबांकडे पाहिलं. "खालच्या मजल्यावरच्या काकांकडून."

"कोण काका? त्यास्नी दे फोन."

बाबांनी फोन घेतला. "नमस्कार."

"माझ्या पोराला तुम्ही बसवून फोन करायला लावलाय?"

"हो."

"कशापायी? तुमचं काय अडलंय त्याच्यावाचून?"

हा प्रश्न बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. आज तो त्यांच्याकडे आला. "तो आमच्याकडे कॉम्प्युटर जोडतोय," ते म्हणाले.

"कवापासनं?"

"दिवाळीपासून."

"एक कॉम्प्युटर?"

"एकच."

मग आप्पांनी अगदी थंडपणे विचारलं, "घरात पोरगी हाय का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सबंध खोलीने माझ्याकडे पाहिलं.

"आहे," बाबा म्हणाले.

"उद्या येतो मी," आप्पा म्हणाले आणि फोन कट झाला.

ते खरंच आले. स्वारगेटला एसटीतून उतरून, सिटी बसने, खांद्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन. उंच, वाळकं अंग, पांढरा शर्ट, खिशाला पेन. दारातच त्यांनी नावाची पाटी वाचली, चपला काढताना आत किती चपला आहेत ते बघितलं, आणि सोफ्याच्या कडेवर बसून पाण्याचा पेला उजेडात धरून मग तोंडाला लावला. मी बाबांकडे चोरून पाहिलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला बाहेरून बघितलं असावं. ते अस्वस्थ होऊन खुर्चीत सरकत होते. उसाच्या गाड्यांमध्ये दगड घालून वजन वाढवणारे लोक पकडणं हे आप्पांचं काम. दोन्ही माणसं एकमेकांसमोर बसली होती आणि दोघांनाही दुसऱ्याच्या बोलण्यात दगड शोधायचे होते.

"तुमच्या आई काय खायला घालायच्या ह्येला?" आप्पांनी ओंकारला विचारलं. आई आतूनच म्हणाली, "आम्ही खातो तेच." मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, नाव काय? काय शिकतेस?"

मी सांगितलं.

"आन् ह्यो तुला काय शिकिवतो?"

"कुठला स्क्रू कुठे बसतो ते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मीही पाहिलं. माझा काहीच गुन्हा नव्हता आणि मी नजर खाली घालायची नाही असं ठरवलं होतं. "दाव मग," ते म्हणाले. "कुठं हाय ते यंत्र?"

कपाटातून सगळे खोके बाहेर आले. चादर अंथरली. वैभवदादाने लोखंडाला हात लावला, आणि आप्पांनीही लावला, कारण त्याने लावला. तो एकेक भाग उचलून वडिलांना सांगायला लागला. हा हिशेब करतो. हा आठवण ठेवतो, पण वीज गेली की विसरतो. हा विसरत नाही. हा चित्रं काढतो. आप्पा मध्येच विचारायचे, "तुझ्या हापिसात हेच करायचास?" तो म्हणायचा, "नाही, आप्पा, तिथे मी प्रोग्राम लिहायचो," आणि मग ते म्हणजे काय ते सांगायचा. मला तेव्हा लक्षात आलं की या बापलेकांमध्ये हे बोलणं पहिल्यांदाच होत होतं. मुलगा हिंजवडीत आहे, हे साऱ्या गावाला माहीत होतं. हिंजवडीत तो काय करतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

शेवटची वायर लागली. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, आणि पडदा काळा तो काळाच. वैभवदादाने बंद करून पुन्हा चालू केलं. काळाच. त्याच्या कपाळावर घाम आला. ओंकार म्हणाला, "कन्सोल घेतला असता तर..." आणि आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मी खाली वाकून मागे बघितलं. पडद्याची वायर दोन ठिकाणी लागू शकत होती. एक मदरबोर्डवर, एक चित्रं काढणाऱ्या कार्डावर. त्याने घाईत ती चुकीच्या जागी लावली होती. मी काढून दुसरीकडे लावली. पडदा उजळला. वैभवदादा हसला, आणि मी त्याला पहिल्यांदाच असं मोकळं हसताना पाहिलं.

"एवढंच होतं?" आप्पा म्हणाले. "हे तर एका दुपारचं काम हाय."

"हो, आप्पा."

आप्पा बाबांकडे वळले. "आन् तुम्ही पकडलं न्हाई?"

"पकडलं," बाबा म्हणाले. "उशिरा."

दुपारी सगळे जेवले. आप्पांनी लग्नाच्या पाहुण्यांना स्वतःच कळवायचं ठरवलं, आणि ते त्यांनी आम्हाला तिथेच, ताटावर बसून, दोन वाक्यांत सांगून टाकलं. वैभवदादा त्यांच्याबरोबर गावी गेला. पावसाळा संपता संपता त्याला कोथरूडला एका लहानशा कंपनीत काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी होता, पण संध्याकाळी तो खरोखर ऑफिसातून दमून यायचा. पुढे लग्न झालं, दुसऱ्याच ठिकाणी, मुलीला सगळं आधी सांगून. त्या कॉम्प्युटरवर मी आणि ओंकारने कितीतरी वर्षं खेळ खेळले आणि मी पहिला प्रोग्राम लिहिला. ओंकारने पहिल्या पगारात कन्सोल घेतला आणि बाबांच्या नाकावर टिच्चून तो दिवाणखान्यात टीव्हीखाली मांडला. बाबा येता-जाता त्याच्याकडे बघायचे. उघडायला मात्र त्यांनी कधी मागितला नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला त्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या बापलेकांना सोडायला खाली रस्त्यापर्यंत गेलो. बसची वाट बघत उभे होतो. वैभवदादा नि ओंकार पुढे उभे राहून बसचे नंबर वाचत होते. आप्पा बाबांच्या जवळ सरकले. मी मागेच होते, हे त्यांना दिसत होतं, तरी त्यांनी आवाज कमी केला नाही.

"एक विचारतो, राग मानू नका. पोरगी तुमची हुशार हाय. पर तसलं काय नव्हतं ना दोघांत? असलं तर आत्ताच सांगा."

"तसं काही नव्हतं," बाबा म्हणाले.

"खात्री हाय?"

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. घरात कधी कुणी हा प्रश्न मला सरळ विचारला नव्हता आणि आत्ताही कुणी विचारत नव्हतं. त्यांच्याकडे पुरावा नव्हता, माझा जबाब नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मान परत फिरवली.

"खात्री आहे," ते म्हणाले.